चार बोटं अंतर

वरवट बकालात पुष्पांजलीबाईच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याच्यासमोर साबण यायचा. मोरीजवळ डबीत वडी आणि खिळ्याला धुतलेला पंचा. पाहुणा म्हणाला, आताच घरून हात धुऊन निघालो, तर बाई ऐकून घ्यायची आणि डबी आणखी थोडी पुढं सरकवायची. तिच्या हातचे उडदाचे पापड सोनाळ्यापर्यंत जायचे. चवीला ते काही फार निराळे नव्हते, पण बाया म्हणायच्या, पुष्पांजलीचा पापड डोळे झाकून खावा, केस निघायचा नाही.

किळस तिच्या रक्तातच होती म्हणा ना. बशीतून भुरके मारत चहा पिणारा माणूस तिला चालायचा नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडलेला दिसला, की बाई उपाशी उठायची. ओला टॉवेल, उष्टी वाटी, दुसऱ्याच्या डोक्याची उशी, काय काय सांगावं. नाक मुरडून मुरडून तिच्या नाकाच्या शेंड्याला एक कायमची सुरकुती पडली होती, आणि ती सुरकुती बघूनच लोक आपापले हात पाठीमागं घ्यायचे.

तिची माय रुखमाबाई मात्र अगदी उलट्या खोपडीची. मिशनच्या एका दवाखान्यात ती आया होती, तीही महारोग्यांच्या वॉर्डात. तिथं पाय धुवायचे, सडलेली कातडी काढायची, तेल लावायचं, पट्टी बांधायची, आणि सगळं उघड्या हातानं. त्याच हातांनी ती संध्याकाळी भाकरी थापायची. पुष्पांजली तेव्हा फ्रॉकमधली पोरगी. मायनं ताट वाढलं, की ती नाकाला फ्रॉक लावून शेजारच्या घरी पळायची आणि तिथली शिळी कोर मीठ लावून खायची. माय म्हणायची, हात साबणानं धुतले वं मी. पोरगी म्हणायची, असू दे.

रुखमाबाईनं यासाठी पोरीला कधी रट्टा घातला नाही. एकदा फक्त चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "येशूनं महारोग्याले आधी हात लावला वं, अन् मंग तो बरा झाला. बरा झाल्यावर लावला असता, तं त्यात काय मोठेपणा? तसा तं कोनीबी लावते." पोरीनं ऐकलं आणि सोडून दिलं. मायच्या हातची भाकर तिनं माय मरेपर्यंत खाल्ली नाही. एवढा हट्ट कोणी देवाच्या नावानं धरला असता तर संत झाला असता.

आणि अशा बाईच्या पदरात देवानं नवरा टाकला तो मोतीराम. आता हसावं की रडावं?

मोतीराम टेम्पो चालवायचा. केळी भर, कापूस भर, शेगावला जा, आकोटला जा. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, मारझोड नाही, रविवारी चर्चमध्ये ढोलकी अशी वाजवायचा की म्हाताऱ्या बाया बसल्या जागी डोलायच्या. पण तोंडात सदानकदा गुटख्याची पुडी. उठला की पुडी, बसला की पुडी. टेम्पोच्या दाराला लाल ओघळ, घराच्या उंबऱ्याला लाल ओघळ. पुष्पांजलीबाई सकाळी उठून आधी तो उंबरा घासायची आणि घासताना नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची. तो लाल दात काढून हसायचा. ते दात दिसले की ती तोंड फिरवायची. पोरगी पूनम जन्मली, मोठी झाली, लग्न होऊन बुलढाण्याला गेली, तोवर नवराबायकोच्या खाटा केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या.

मग व्हायचं तेच झालं. आधी तोंडात चट्टा आला, मग तोंड उघडेना. अकोल्याला नेलं. तिथं ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला, केमो झाली, डोक्याचे केस गेले, अर्धा जबडा गेला, आणि वर्ष सरायच्या आत रोग फिरून आला. डॉक्टरांनी पूनमला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या आणि सेवा करा. जाताना एक गोष्ट त्यांनी मुद्दाम पुष्पांजलीबाईकडं बघून सांगितली. हा रोग हात लावल्यानं लागत नाही. जखम साफ करताना ग्लोव्ह्ज घाला, पण एरवी माणसाजवळ बसायला, त्याला हात लावायला काही हरकत नाही. बाईनं मान हलवली.

उजव्या गालाला भोक पडलं. लाळ खालून गळायची, पू यायचा. नाकात नळी घातली आणि त्यातून पेज, दूध, औषध. आणि वास! भिंतीत उंदीर मरून पडला की येतो ना, तसा. उदबत्ती लावली तर उदबत्तीसकट यायचा. गल्लीतल्या बाया दारापुढून जाताना पदर नाकाला लावायला लागल्या आणि पापडाची गिऱ्हाइकं आपोआप थांबली.

पुष्पांजलीबाईनं सेवेत मात्र कसूर केली नाही, हे कोणीही सांगेल. दोन मास्क, त्यांच्या मधे विक्सचं बोट, हातात एकावर एक दोन ग्लोव्ह्ज, कापूस धरायला चिमटा. सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, पट्टी बदलायची, चादर उकळत्या पाण्यात टाकायची. सगळं चोख. पण मोरी घासावी तसं. डोळे जखमेवर, आणि माणसाच्या डोळ्यांकडं एकदाही नाही. काम झालं की चार हात लांब जाऊन बसायची. एकदा पूनमशी फोनवर बोलताना म्हणालीच, माह्यानं होते तेवढं करून राह्यली मी, पन मले याची किळस येते पोरी, खोटं काऊन बोलू?

खाटेवर पडलेल्या मोतीरामचं अर्धं तोंड गेलं होतं, पण कान शाबूत होते. त्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून निजायला लागला. सडका गाल खाली, पाठ घराकडं. पेज द्यायच्या वेळी तेवढा वळायचा, बाकी दिवसभर भिंत. बाईला वाटलं, बरं झालं, वास थोडा कमी येतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. एके दिवशी मोतीराम उठून बसला आणि तोंडावर पंचा धरून काहीतरी सांगायला लागला. त्याचं बोलणं आता फक्त तिलाच कळायचं, तेही निम्मं. त्याला चर्चला जायचं होतं. त्याला हात ठेवून घ्यायचे होते.

आता हे हात ठेवणं काय, ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या चर्चच्या मंडळीत पहिल्यापासूनची रीत होती. कोणी फार आजारी असला, की रविवारी भक्ती संपताना त्याला पुढं खुर्चीवर बसवायचं. पास्टर आणि मंडळीतली जुनी माणसं त्याच्याभोवती उभी राहायची, कपाळाला तेल लावायची, डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. जुन्या लोकांचे हात असे जड पडायचे की आजाऱ्याची मान खाली जायची. कोणी बरा व्हायचा, कोणी नाही व्हायचा, पण खुर्चीवरून उठताना माणूस सरळ चालायचा. मोतीरामनं हे सगळं ढोलकीमागं बसून उभा जन्म पाहिलं होतं.

मग कोरोना आला. हात लावायला बंदी झाली. तेव्हा पास्टरांनी तोड काढली, हात ठेवायचा पण चार बोटं वरून. ते तेव्हा ठीकच होतं, माणसं मरत होती. पण कोरोना गेला, मास्क गेले, लग्नात पुन्हा मांडीला मांडी लावून पंगती बसल्या, आणि हे चार बोटांचं अंतर मात्र मंडळीत राहून गेलं. कोणाच्या लक्षातही येईना. तेल कापसाच्या काडीनं लागायचं आणि हात हवेत राहायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच!

पुष्पांजलीबाईनं नवऱ्याला ऑटोत घालून नेलं. पास्टर दीपक तरणाताठा, बुलढाण्याहून मोटारसायकलवर यायचा, स्वभावानं गरीब. त्याच्याबरोबर जानराव गुरुजी, मंडळीतले सगळ्यात जुने, मोतीरामच्या ढोलकीला टाळ धरणारे. मोतीराम पुढं खुर्चीवर बसला तशा पहिल्या दोन रांगा हळूच मागं सरकल्या. दीपकनं काडीनं तेल टेकवलं आणि काडी खिडकीतून बाहेर टाकली. मग दोघांचे हात मोतीरामच्या डोक्यावर आले आणि चार बोटं वर थांबले.

मोतीराम डोळे मिटून बसला होता. वाट पाहत होता. हाताचं वजन काही पडेना. त्यानं डोळे उघडून वर पाहिलं, तर तळवे वरच. मग त्या माणसानं काय केलं असेल? त्यानं मान उंच केली. हळूहळू, खुर्चीवरून थोडं उठून, त्यानं आपलं डोकं त्या हातांकडं नेलं. आणि हात आणखी वर गेले.

बायांच्या बाजूला उभ्या असलेल्या पुष्पांजलीबाईनं हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रार्थना लांबलचक झाली, शब्द गोडगोड होते, आणि तिला त्या शब्दांची अशी शिसारी आली की जखमेचीही कधी आली नव्हती. आमेन म्हणायला ती थांबली नाही. नवऱ्याला धरलं, ग्लोव्ह्ज होतेच हातात, आणि बाहेर काढलं. ऑटोत मोतीराम बाहेरच्या बाजूला तोंड करून बसला. बाई वाटभर बडबडत होती, की हे कसले देवाचे लोक, यांच्यापरीस कसाई बरा, तो हात तरी लावतो.

त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट मनावर घेतली. हा माणूस मरायच्या आत कोणीतरी याला हात लावलाच पाहिजे. मोतीरामनं पुन्हा काही मागितलं नाही, पण तिच्या डोक्यातून ती वर ताणलेली मान जाईना.

खामगावच्या बाजूला एका मैदानावर कोणी मोठा ब्रदर येणार असल्याचं तिला कळलं. स्पर्शानं रोग पळतात म्हणे. मांडव, स्क्रीन, कॅमेरे, कर्णे. पूनम फोनवर नको नको म्हणाली, तरी बाई गेली. तिथं दारातच टाय लावलेली पोरं आजाऱ्यांना निवडत होती, कापसातला किडका, कवडी कापूस निवडून काढावा तसं. पाठ दुखणारे पुढं, गुडघे दुखणारे पुढं. मोतीरामच्या पंच्याचा वास आला तशी त्यांनी त्याला पार मागं, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन बसवलं आणि सांगितलं की आशीर्वाद सगळीकडे सारखाच पोचतो. उन्हात बसून बाईनं स्क्रीनवर पाहिलं. ब्रदर पुढच्यांच्या कपाळाला हात लावत होता, तोही हातात पांढरा रुमाल धरून, आणि दर थोड्या वेळानं एक पोरगा त्याला नवा रुमाल देत होता.

ज्या बाईनं थुंकणाऱ्याला जन्मभर शिव्या दिल्या, ती त्या मैदानात पचकन थुंकली. मोतीरामनं ते पाहिलं. त्याचे खांदे हलले. तो हसत होता की काय, पंच्याआड काही कळलं नाही.

पुढच्या रविवारी भक्ती सुटल्यावर ती चर्चच्या दारात कमरेला पदर खोचून उभी राहिली. दीपक आणि जानराव बाहेर आले तशी म्हणाली, की दोघंही माझ्या घरी चला, आता. तिचं तोंड पाहून कोणी 'काऊन' असं विचारलं नाही.

घरात पाय ठेवताच दीपकचा चेहरा पांढरा पडला. जानराव गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, पण बाईकडं पाहून पुन्हा खिशात ठेवला. मोतीराम भिंतीकडं तोंड करून पडला होता. बाईनं मास्क लावला, ग्लोव्ह्ज चढवले, नवीन पट्टी बांधली आणि त्याला उठवून बसवलं. मग तिनं तोंड सोडलं. मंडळीची चार बोटं काढली, कापसाची काडी काढली, ब्रदरचे रुमाल काढले. माझी माय कोण होती माहीत आहे का, विचारलं. रुखमाबाई आया. उघड्या हातानं पाय धुवायची रोग्यांचे. जानरावांनी मान हलवली, त्यांनी रुखमाबाईला पाहिलं होतं.

"येशूनं आधी हात लावला, मंग बरं केलं," बाई म्हणाली. "तुम्ही काह्याची वाट पाहून राह्यले? हा बरा व्हायची? हा काही बरा होत नाही आता. ठेवा हात."

दीपक पोरगा खोटा नव्हता. त्याचे कान लाल झाले. तो म्हणाला, "काकू, मला भीती नाही वाटत. मला मळमळतं. देवाच्या माणसाला असं व्हावं, याची लाज वाटते म्हणून मी कोणाला बोललो नाही." आणि त्यानं हात पुढं केला. तीन बोटांची टोकं पट्टीच्या कडेला टेकली. टेकली खरी.

मोतीरामनं त्याचं मनगट धरलं. हळूच धरलं आणि बाजूला केलं, रागानं नाही, ताटातली नको असलेली पोळी सरकवावी तसं. मग त्यानं पुष्पांजलीबाईचा हात ओढला. तिला वाटलं, पट्टी सुटली असेल. ती वाकली. त्यानं तिच्या ग्लोव्हचं बोट चिमटीत धरलं आणि ओढायला लागला. पहिला ग्लोव्ह निघाला. खाली दुसरा होता, तोही त्यानं ओढला. घामानं पांढरा पडलेला तिचा पंजा उघडा झाला.

"तुहा," मोतीराम म्हणाला. अर्ध्या तोंडानं म्हणाला, पण तेवढं सगळ्यांना कळलं. "तुहा हात."

घ्या! जगाला झाडत फिरली बाई. मंडळी वाईट, पास्टर वाईट, ब्रदर तर नरकात जायचा. आपलं ठेवायचं झाकून आणि लोकांचं पाहायचं वाकून. आपण याला शेवटचा उघडा हात कधी लावला, ते तिनं आठवायचा प्रयत्न केला. आजाराच्या आधीचं आठवून पाहिलं, त्याच्याही आधीचं. खाटा वेगळ्या झाल्या तिथपर्यंत जाऊन आली आणि तिला काही आठवलं नाही. त्या दिवशी चर्चमध्ये त्यानं मान वर केली होती, ती त्या दोघांच्या हातांसाठी केली असेल. पण घरात तो इतके दिवस भिंतीकडं तोंड करून पडला होता, तो कोणामुळं?

तिनं मास्क खाली ओढला. वास थेट नाकात गेला. ती मोरीकडं पळाली आणि भडभडून ओकली. दोघं पाहुणे अवघडून भिंतीला टेकले. मोतीराम खाटेवर तसाच बसून होता, डोळे तिच्या पाठीवर. तिनं चूळ भरली, हात धुतले, साबणानं, नेहमीसारखे दोनदा. परत आली, आणि त्याच्या समोर बसून तिनं उजव्या हाताचा पंजा त्याच्या सडक्या गालावर, पट्टीवर, पूर्ण टेकवला.

पट्टी गरम होती आणि ओलसर. तिच्या अंगावर काटा आला तो पार मानेपर्यंत. किळस गेली नाही. कोणी सांगत असेल की प्रेमानं किळस जाते, तर त्यानं त्या खाटेजवळ बसून दाखवावं. किळस होती, आणि हात तिथंच होता. मोतीरामनं डोळे मिटले. मानेतला सगळा ताण सोडून त्यानं आपल्या डोक्याचा भार तिच्या तळव्यावर टाकला. तिच्या मनगटावरून काहीतरी ओघळत कोपरापर्यंत आलं. ते डोळ्यांतलं पाणी होतं की जखमेतलं, तिनं पाहिलं नाही.

थोड्या वेळानं जानराव गुरुजी पुढं आले. त्यांनी आपला म्हातारा, गाठी आलेला हात मोतीरामच्या डोक्यावर ठेवला. जुन्या रीतीनं, जड. मागून दीपकनं खांद्यावर ठेवला. प्रार्थना करायचं कोणाला सुचलं नाही.

मोतीराम बरा झाला नाही. होळीच्या आधी गेला. गल्लीतल्या एकीनं नंतर विचारलंही, की एवढे हात ठेवून घेतले, मग गुण काऊन नाही आला? पुष्पांजलीबाईनं तिला वरून खाली पाहिलं आणि आत निघून गेली. तिला काय सांगायचं?

तिला सांगता आलं असतं, की त्या रविवारी संध्याकाळी नेमकं काय झालं. पाहुणे गेले. तिनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि स्वतःसाठी भाकर थापायला बसली. ज्या हातानं गाल धरला होता त्याच हातानं. मधेच थांबून तिनं पंजा नाकाजवळ नेला. साबणाचाच वास येत होता. माय खरंच हात धुऊन यायची, हे तिला त्या वेळी कळलं, आणि ती पिठाच्या परातीवर वाकून लहान पोरीसारखी रडली.

मागं खाट करकरली. तिनं वळून पाहिलं. मोतीराम कूस बदलत होता, नळी सांभाळत, कण्हत, भिंतीकडून इकडं. सडका गाल वर आला, वास घरभर सुटला. बाईच्या नाकावरची सुरकुती आपोआप गोळा झाली आणि तिनं ती लपवली नाही. त्यानंही तोंडावर पंचा घेतला नाही. उशीवर डोकं टेकून तो तिच्याकडं, तिच्या हाताखालच्या भाकरीकडं बघत राहिला. मरेपर्यंत तो मग त्याच कुशीवर निजला.